गोरेगावचे दरपत्रक आणि माणसाची किंमत

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यात गोरेगाव आहे. सोयाबीन पेरावे, कापूस वेचावा, तूर बडवावी आणि बँकेच्या नोटिशीची वाट पाहावी, असे मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखे हे एक गाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे नाव एकाएकी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता आणि पीककर्ज अंगावर होते. तेव्हा गावातल्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे निवेदन दिले की, आमचे अवयव विकत घ्या आणि त्या पैशांतून आमचे कर्ज फेडून टाका. सोबत दरही लिहिले होते. यकृत ९० हजार, किडनी ७५ हजार, डोळे २५ हजार.

हे आंदोलन होते, सरकारला लाज वाटावी म्हणून उचललेले पाऊल होते, हे उघड आहे. अवयवांची खरेदी-विक्री १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने गुन्हा ठरवलेली आहे, आणि निवेदन देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काही कारण नाही. तरीही ते वाचून अंगावर काटा आला. आणि त्या दरांतली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्यांत पाटलाची किडनी महाग आणि सालगड्याची स्वस्त असा भेद नव्हता. किडनीचा भाव सगळ्यांना एकच. ज्या मुलखात पाणवठे वेगळे होते, मसणवटे वेगळे होते, चहाच्या टपरीवर कपबशी वेगळी होती, त्या मुलखात एका कागदावर सर्व माणसे अखेर एका दराने आली.

याला समता म्हणायचे काय?

प्रश्न विचित्र वाटेल, पण तो टाळून चालणार नाही. आपण समतेचे नाव रोज घेतो. जयंतीच्या फलकावर ती असते, विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेत असते, बुद्धविहाराच्या भिंतीवर असते. परंतु घरातले नऊ-दहा वर्षांचे पोर अभ्यास करता करता मान वर करून विचारते, ‘‘आई, सगळी माणसं समान म्हणजे काय गं? आमच्या वर्गात तर कुणाला गणित येतं, कुणाला येत नाही,’’ तेव्हा उत्तर देताना आपण चाचरतो. ‘‘संविधानात लिहिलंय,’’ असे सांगून मोकळे होतो. संविधानात लिहिले आहे हे खरे. पण का लिहिले, याचे उत्तर पोराला हवे असते. ते दिले नाही तर उद्या दुसरा कुणी त्याला उलटे सांगेल आणि तेही त्याला पटेल.

बाबासाहेबांनी काय कबूल केले

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले आणि त्यांचे भाषण वाचून परिषदच रद्द केली. ते भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापले. जातिनिर्मूलनावरचे हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे, पण त्यातल्या समतेविषयीच्या दोन पानांकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. तेथे बाबासाहेब प्रथम विरोधकाचे म्हणणे मान्य करतात. माणसे समान नाहीत, हे ते कबूल करतात. एकाला जन्मतः धडधाकट शरीर मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. एकाला आईबापाचे शिक्षण, घरातली पुस्तके, ओळखीपाळखी यांचा वारसा मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. तिसरी गोष्ट ज्याच्या त्याच्या प्रयत्नांची. या तिन्ही बाबतींत माणसामाणसांत फरक आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

मग त्यांचा प्रश्न येतो. माणसे असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवावे काय? प्रयत्नांपुरता फरक करायला त्यांची फारशी हरकत नाही. जो अधिक राबला त्याला अधिक मिळावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु शरीर आणि घरचा वारसा यांत त्या माणसाचे कर्तृत्व काय? वारशाच्या जोरावर पुढे असलेल्यालाच पुन्हा पुढे काढायचे, तर ती लायकीची निवड राहत नाही. अगोदरच लाभलेल्यांची निवड होते. समाजाला आपल्या माणसांकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचे असेल तर शर्यत सुरू होतानाच सर्वांना शक्य तितके एका रेषेवर आणले पाहिजे. शिवाय राज्य चालवणाऱ्याजवळ प्रत्येक माणसाची गरज आणि कुवत वेगवेगळी तोलून पाहायला ना वेळ असतो ना तेवढे ज्ञान. म्हणून सर्वांना सारखे वागवणे हाच एक चालण्याजोगा नियम उरतो.

हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात भाबडेपणा नाही. ‘सर्व माणसे समान आहेत’ हे वाक्य ‘सर्व आंबे गोड आहेत’ यासारखे नाही. चाखून पाहून ते खरे किंवा खोटे ठरत नाही. ‘सर्वांना समान वागवू’ असा तो आपण घेतलेला निर्णय आहे, आणि वर्गात एका पोराला गणित येत नाही एवढ्याने तो मोडत नाही. नऊ वर्षांच्या पोरालाही हे समजते. आईने जेवायला वाढताना गणिताचे गुण पाहून भाकरी वाढली, असे कधी होते का?

मात्र येथे एक शंका येते, आणि ती मांडली पाहिजे. समजा, माणूस तोलण्याचे यंत्रच निघाले तर? निघालेच आहे म्हणा. बँकेत कर्ज मागायला गेले की सिबिल पाहतात. ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा, आणि त्या आकड्यावरून साहेब खुर्ची पुढे करायची की नाही ते ठरवतो. १९३६ साली राज्यकर्त्याजवळ नसलेले ‘ज्ञान’ आज संगणकाजवळ आहे असे सांगणारे लोक आहेत. उद्या प्रत्येकाच्या कपाळावर असा आकडा लावता आला, तर समतेची गरज संपली काय?

संपली नाही. बाबासाहेब पुढे १९५६ पर्यंत ज्या विचारापर्यंत पोहोचले, त्यात याचे उत्तर आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात की, जीवनाच्या झुंजीत जो टिकतो तो सर्वांत बळकट असतो, पण सर्वांत चांगला असेलच असे नाही. समता असेल तर चांगल्यालाही टिकता येते. म्हणजे यंत्राने बळ मोजले तरी माणूस मोजला गेला, असे होत नाही.

गवत, किडे, पाखरे आणि माणूस

सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागतो की माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने. वाद मिटेना म्हणून ते तथागतांकडे येतात. तथागत त्यांना कोणताही उपदेश करण्याआधी भोवतीची सृष्टी दाखवतात. गवत पाहा, झाडे पाहा. किडामुंगी, चार पायांची जनावरे, साप, मासे, पाखरे पाहा. यांच्या जाती वेगळ्या आहेत आणि त्यांच्या अंगावर तशा खुणाही आहेत. आता माणूस पाहा. केस, कान, डोळे, नाक, हात, पाय. एकाला दुसऱ्यापासून जन्माने वेगळा ठरवील अशी खूण दाखवा. अशी खूण नाही. जो गाई राखून जगतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर, जो चोरी करतो तो चोर. ही नावे कामाची आहेत.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार ज्या पद्धतीने मांडला आहे ती पद्धत पाहण्यासारखी आहे. देवाने सर्वांना सारखे निर्माण केले, असे तथागत म्हणत नाहीत. डोळे उघडून पाहा, एवढेच म्हणतात. आज जे रक्तपेढीत दिसते ते त्यांनी नजरेने दाखवले. पेढीतल्या पिशवीवर रक्ताचा गट लिहितात, जात लिहीत नाहीत. गोरेगावच्या दरपत्रकात किडनीला एकच भाव का होता, याचेही कारण हेच. किडनीवर खूण नसते.

अस्सलायन सुत्तातला दृष्टान्त तर आपल्या चुलीपर्यंत येतो. चांगल्या लाकडाचा विस्तव आणि हलक्या लाकडाचा विस्तव यांत ज्वाळ, रंग, उजेड वेगळा असतो काय, असे तथागत विचारतात. आपल्याकडे पऱ्हाटी जाळा, तुराट्या जाळा, नाहीतर सागवानाचे ढलपे जाळा. भाकरी भाजतेच.

विचार नुसता सांगून तथागत थांबले नाहीत. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी स्वतःच विनंती केली की, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्या पाया पडावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. संघात वडीलकी दीक्षेच्या वेळेवरून ठरत असे आणि तो नियम राजपुत्रालाही लागू होता. याच उपालीने पुढे पहिल्या संगीतीत विनय सांगितला. सगळे समान आहेत असे उठताबसता म्हणणे सोपे असते. कुणी कुणाच्या पाया पडायचे याचा नियम बदलणे अवघड असते, आणि समतेची खरी परीक्षा तेथेच होते.

नरसी आणि औंढा

‘‘समता काय, आमच्या संतांनीही सांगितली,’’ असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. हिंगोली जिल्ह्यात तर जास्तच, कारण संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नरसी याच जिल्ह्यात आहे आणि औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. औंढ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे घालवले, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले.

कथा गोड आहे. दगडाचे देऊळ वळले, माणसे मात्र जागची हलली नाहीत, हे त्या कथेतच सांगितलेले आहे, फक्त ते कुणी मोठ्याने वाचत नाही. याच नामदेवांनी मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली चिरडून मेलेल्या चोखोबांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या. समाधी झाली ती पायरीपाशी, महाद्वाराच्या बाहेर. आत जायला चोखोबांच्या लोकांना १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले.

बाबासाहेबांनी संतांविषयी जे लिहिले त्याने अनेकांची मने दुखावली. संतांनी सांगितले की सर्व माणसे देवाच्या दृष्टीने समान आहेत. माणसे माणसांच्या दृष्टीने समान आहेत, असे त्यांनी सांगितले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मला वाटते, समतेच्या विचारात याहून महत्त्वाचा भेद दुसरा नाही. देवाच्या दृष्टीने समान असलेला माणूस विहिरीवर असमान राहू शकतो, आणि राहिलाच. त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. देव पाहून घेईल, आपण बाटू नये म्हणजे झाले! याचा अर्थ बाबासाहेबांना संतांचे दुःख कळत नव्हते असा मात्र कुणी घेऊ नये. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावर लिहिलेला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

म्हणूनच महाडला ते देवळात गेले नाहीत, तळ्यावर गेले. २० मार्च १९२७ ला पाणी घेतले आणि २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेची आठवण करून देऊन, आपलीही सभा त्याच कामासाठी आहे असे सांगितले. जन्मसिद्ध समतेचा ठराव तेथे मंजूर झाला. माणसाने माणसाला समान मानले पाहिजे, आणि तेही आज, येथे, पाण्याच्या काठावर.

किंमत आणि प्रतिष्ठा

आता दरपत्रकाकडे परत येऊ. सर्वांचा भाव सारखा म्हणजे समता नव्हे असे आपल्याला आतून वाटते. ते का वाटते, हे सांगता आले पाहिजे.

जर्मनीत इमॅन्युएल कान्ट नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात त्याने एक भेद केला आहे. ज्या वस्तूच्या बदल्यात दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत असते. जिच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही तिला प्रतिष्ठा असते. बैल मेला तर दुसरा बैल आणता येतो, म्हणून बैलाला किंमत आहे. माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा ठेवून हिशेब मिटत नाही. माणूस स्वतः विचार करतो, स्वतःला नियम घालून घेतो, म्हणून त्याला कुणाच्या कामाचे नुसते साधन करता येत नाही. (याच कान्टने युरोपाबाहेरच्या लोकांविषयी हलक्या शब्दांत लिहून ठेवले आहे. विचार विचारवंतापेक्षा मोठा निघतो, असे पुष्कळदा घडते.)

हे लक्षात घेतले की पोराच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर सापडते. माणसे समान आहेत ती सर्वांची किंमत सारखी आहे म्हणून नव्हे. कुणालाच किंमत लावता येत नाही म्हणून ती समान आहेत. जिथे तराजूच चालत नाही तिथे कमी-जास्त ठरणार कसे? आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत दर्जाची आणि संधीची समानता आहे, आणि थोड्याच ओळींनंतर बंधुतेच्या पोटात व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. त्या एकमेकींना धरूनच वाचायच्या असतात.

आपल्या लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. इतके रुपये, इतकी ज्वारी, उचल इतकी. पूर्वी उचल फिटली नाही तर पुढचे साल त्याच वाड्यावर, आणि मग पोराचेही. मजुरीला भाव असावा, चांगला असावा, त्यासाठी भांडावे. पण वर्षभराची मजुरी आणि वर्षभरासाठी माणूस यांतला फरक ज्याच्या बापाने सालदारी केली त्याला कुणी समजावून सांगायला नको. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, हे कोणत्या रुपयात धरलेले होते?

नामांतराचेही तेच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे सोळा वर्षे लागली. हिशेबी माणूस म्हणेल, नावाने कुणाच्या पोटात काय पडणार होते? खरोखर नावाला बाजारात काडीचा भाव नव्हता. तरीही जाळणारा आणि जळणारा, दोघांनाही नेमके ठाऊक होते की प्रश्न कशाचा आहे. विद्यापीठाच्या कमानीवर कुणाचे नाव मान वर करून वाचायचे, याचा तो प्रश्न होता.

सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस

समतेचे तत्त्व असे मान्य झाले तरी वागणुकीचा प्रश्न उरतोच. समान वागवायचे म्हणजे सर्वांना एकच माप लावायचे काय? अमेरिकेतले कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी यात फार उपयोगी भेद केला. सारखी वागणूक देणे एक, आणि समान मानून वागवणे दुसरे. आपल्या घरातलेच पाहा. पंगतीला बाळंतीण आहे, म्हातारे वडील आहेत, दिवसभर फावडे मारून आलेला मुलगा आहे. प्रत्येकाच्या ताटात मोजून दोन-दोन भाकरी वाढल्या तर वागणूक सारखी झाली. पण वाढणारीने तिघांचा सारखाच विचार केला, असे म्हणता येईल काय?

गोरेगावच्या निवेदनातच याचा धडा आहे. अवयवांचे दर लिहिणाऱ्या त्या शेतकऱ्यांचे हाल खरे होते. पण त्यांच्याजवळ निदान कर्ज होते! हे ऐकायला कठोर वाटेल, म्हणून स्पष्ट करतो. पीककर्ज मिळते सातबाऱ्यावर. अतिवृष्टीचे अनुदान मिळते सातबाऱ्यावर. कर्जमाफी झाली तर ती कर्जदाराची होते. नियम सर्वांना एकच आहे, त्यात जात विचारलेली नाही. आणि त्याच सोयाबीनच्या शेतात सोंगणीला जाणारी बाई, जिच्या नावावर हातभर जमीन नाही, ती पीक गेल्यावर कोणत्या रांगेत उभी राहील? पीक बुडाले तेव्हा तिची मजुरीही बुडाली. नियमाने तिला नाकारले नाही, कारण नियमाला ती दिसलीच नाही.

आपल्या चळवळीने ही गोष्ट फार लवकर ओळखली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ चा आणि पुढे १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच कारणासाठी. मराठवाड्यातल्या गायरानांवर आपल्या माणसांनी काट्याकुपाट्या काढून जी पिके घेतली, त्यांतली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाला १९९१ मध्ये घ्यावा लागला. दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण योजना २००४ पासून आहे. भूमिहीनाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. कागदावर चांगली आहे. जमीन विकायला कुणी तयार व्हावे लागते, आणि गावात तसा कुणी निघत नाही, ही तिची अडचण.

संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढे समानता आहे आणि ती नागरिकालाच नव्हे, कोणत्याही व्यक्तीला आहे. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई आहे. महाडचे तळे त्या ओळीत दिसते, असे मला नेहमी वाटते. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. राखीव जागांकडे मात्र बरीच वर्षे समतेला केलेला अपवाद म्हणून पाहिले जाई, जणू समता बाजूला ठेवून दिलेली सवलत. १९७५ मध्ये केरळच्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने भूमिका बदलली. मागे ठेवलेल्याला पुढे आणणे हा समतेचाच भाग आहे, तिचा अपवाद नव्हे. १९३६ च्या त्या पुस्तकातली शर्यतीची रेषा न्यायालयात पोहोचायला एकोणचाळीस वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या घरातले दरपत्रक

येथपर्यंत वाचताना आपण मान डोलावली असेल. आता थोडे घरात येऊ, कारण हे पान घरातल्यांचे आहे.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचे एक मोठे कारण हिंदू कोड बिल रखडवले गेले हे होते. त्या बिलातून पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे, हे अनेकांना माहीत नसते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने त्या हक्काला बाधा येत नाही.

आणि प्रत्यक्षात काय होते? वडील जातात. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, भंतेजी त्रिसरण-पंचशील देतात, कुणीतरी बाबासाहेबांवर चांगले भाषण करते. महिना-दीड महिन्याने वारसाची नोंद करायची वेळ येते आणि बहिणीला निरोप जातो. ‘‘ताई, एक सही लागते.’’ ताई जालन्याहून, नांदेडहून एसटीने येते. भाऊ सांगतो, ‘‘कागद नुसता नावाला आहे, तुझं माहेर काही कुठं जात नाही.’’ भावजय साडी नेसवते. ताई सही करते. कुणी जबरदस्ती केलेली नसते, हेही खरे. तिला माहेर हवे असते, आणि हिस्सा मागितला तर माहेर जाईल अशी भीती असते. एक एकर गायरान जिच्या आईने भाऊ पाठीला बांधून नांगरटीयोग्य केले, तिच्या हक्काचा भाव एक साडी!

मला ठाऊक आहे, काही वाचक म्हणतील की दोन-अडीच एकरांत तुकडे पाडून कुणाचे भले होणार. प्रश्न रास्त आहे. मग तो ताईला का विचारत नाही? जमीन एकानेच कसावी, दुसऱ्याला दरसाल पोतेभर धान्य द्यावे, नावे मात्र सर्वांची लागावीत, असे ठरवता येते. काही घरांनी ठरवलेही आहे. पण त्यासाठी सही मागण्याआधी तिला बैठकीत बसवावे लागते, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही ऐकून घ्यावे लागते. उपालीच्या पाया पडणाऱ्या राजपुत्रांना जे जमले, ते आपल्याला सख्ख्या बहिणीच्या बाबतीत जड का जाते?

सभागृहात २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी इशारा दिला होता की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीच्या आयुष्यात शिरणार आहोत. राजकारणात प्रत्येकाचे मत सारख्या मोलाचे, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता. आपण हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवतो. मतदानाच्या दिवशी भाऊ आणि बहीण दोघांच्याही बोटाला तीच शाई लागते, हे आपण पाहिलेले असते.

बहिणीने केलेल्या त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. नोंदणी कार्यालयात ते वाचून दाखवतात, तेव्हा ताईचे लक्ष बहुधा परतीच्या एसटीकडे असते. त्यात एक शब्द हमखास असतो, विनामोबदला.